दम्याच्या पंपाचा हिशेब

बीड तालुक्यांतील लिंबागणेश हें गांव गणेशभक्तांच्या चांगल्या परिचयाचें आहे. तेथील देवस्थान भालचंद्राचें. गणपतीला हसल्याबद्दल शाप मिळालेल्या चंद्रानें येथें तप केलें आणि प्रसन्न झालेल्या देवानें त्याला आपल्या कपाळीं स्थान दिलें, अशी कथा तेथें सांगतात. पुराणांत चंद्राला आणखी एक शाप आहे, तो त्याच्या सासऱ्याचा, म्हणजे दक्षाचा. त्या शापानें चंद्राला क्षय लागला, आणि राजाला जडलेला रोग म्हणून वैद्यकांत त्या व्याधीला राजयक्ष्मा हें नांव पडलें. छातीच्या एका रोगाला नांव कसें मिळालें याचा हा जुना आणि मोठा रम्य इतिहास आहे. आजच्या काळांत मात्र रोगाला नुसतें नांव मिळून भागत नाहीं. त्याला आंकडा मिळावा लागतो. आंकडा मिळाला म्हणजे तो रोग नोंदवहींत जातो, नोंदवहींतून दरपत्रकांत जातो, आणि दरपत्रकांत गेला म्हणजे त्यावर कोणीतरी पैसे खर्च करतो. ज्याला आंकडा नाहीं त्याचा खर्च रोग्याच्या पदरांतून होतो.

लिंबागणेशासारख्या गांवांत ज्याला सरसकट ‘दमा’ म्हणतात, त्यांत वस्तुतः दोन निरनिराळे रोग येतात. एक खरा दमा. तो लहानपणींही जडतो, ऋतु पालटला कीं उचल खातो, आणि औषधानें श्वासनळ्या पुन्हां बऱ्याचशा मोकळ्या होतात. दुसरा रोग चाळिशीनंतर हळूहळू दारांत पाऊल टाकतो. प्रथम सकाळचा खोकला, मग चढावर धाप, मग सपाटीवर धाप, आणि शेवटीं लुगडें नेसतांना धाप. यांत श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसांच्या पिशव्यांच्या भिंती झिजतात, आणि गेलेलें परत येत नाहीं. डॉक्टर लोक याला ‘सी. ओ. पी. डी.’ म्हणतात, मराठींत दीर्घकालीन श्वसनमार्गरोध असें म्हणतां येईल, पण हें नांव कोणाच्या तोंडीं बसेल असें वाटत नाहीं.

हा दुसरा रोग बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा, असें पाश्चात्य वैद्यक फार काळ मानीत आलें. आपल्याकडील अनुभव निराळा आहे. पुण्याचे डॉक्टर संदीप साळवी आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी बार्न्स यांनीं २००९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत जो लेख लिहिला, त्याचा विषयच मुळीं धूम्रपान न करणाऱ्यांना होणारा हा रोग असा होता. जन्मांत कधीं बिडीला हात न लावलेली स्त्री चुलीपुढें तीस-चाळीस वर्षें बसते. तिच्या घराला धुराडें नसतें. गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या यांचा धूर तिच्या आणि तिच्या पाठीवर बांधलेल्या मुलाच्या छातींत सारखाच जातो. १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची टाकी पुष्कळ घरांत आली, ही गोष्ट चांगलीच झाली. तथापि टाकी पुन्हां भरण्याचा पैसा दर वेळीं हातीं असतोच असें नाहीं, आणि चूल कांहीं कोणी मोडून टाकलेली नाहीं. शिवाय बीड जिल्ह्याचें आणखी एक दुःख आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारों कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन ऊस तोडण्यास पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथें एक ‘कोयता’ म्हणतात. फडाच्या कडेला पाचटाची खोप, तिच्या तोंडाशीं तीन दगडांची चूल, पहाटेचा गारठा आणि पेटवलेल्या पाचटाचा धूर! फुप्फुसाला याहून वाईट सोबत शोधूनही सांपडणार नाहीं.

आतां या रोगाच्या आंकड्याकडे वळूं. मरणाच्या कारणांची यादी करण्याची कल्पना जुनी आहे. लंडन शहरांत दर आठवड्याला मृतांच्या याद्या छापीत असत, आणि १६६२ सालीं जॉन ग्रॉंट नांवाच्या एका व्यापाऱ्यानें त्या याद्या जमवून त्यांवर पुस्तक लिहिलें. त्या याद्यांत ‘फुप्फुसें वर चढणें’ असें एक मरणाचें कारण सांपडतें. त्याचा नेमका अर्थ काय, यावर विद्वान अजून वाद घालतात. पण धाप लागून मेलेल्या माणसाविषयीं शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं केलेलें हें वर्णन नाहीं असें कोण म्हणेल? पुढें १८९३ सालीं पॅरिसच्या जाक बेर्तियों या संख्याशास्त्रज्ञानें सर्व राष्ट्रांना चालेल अशी मरणकारणांची यादी मांडली. तीच सुधारत सुधारत १९४८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तींत मरणाबरोबर आजारांचाही समावेश झाला. या यादीची दहावी आवृत्ति १९९० सालीं मंजूर झाली. तिच्यांत दीर्घकालीन श्वसनमार्गरोधाला ‘जे ४४’ हा आंकडा आहे व दम्याला ‘जे ४५’. रोग एकाएकीं उसळला असेल तर ‘जे ४४.१’, छातींत जंतूंचा संसर्ग झाला असेल तर ‘जे ४४.०’, आणि डॉक्टरनें कांहींच अधिक लिहिलें नसेल तर ‘जे ४४.९’. अकरावी आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. तींत हाच रोग ‘सीए २२’ झाला. लिंबागणेशच्या आजीची धाप मात्र आवृत्तीगणिक बदललेली नाहीं.

रोगाप्रमाणें औषधालाही आंकडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीनें नॉर्वेंतील ऑस्लो शहरीं औषधांचें एक वर्गीकरण ठेवलें जातें. त्यांत श्वसनमार्ग मोकळा करणाऱ्या औषधांचा गट ‘आर ०३’. ओढून घेण्याचें सालब्युटामॉल ‘आर ०३ एसी ०२’, इप्राट्रोपियम ‘आर ०३ बीबी ०१’, टायोट्रोपियम ‘आर ०३ बीबी ०४’, ब्युडेसोनाइड ‘आर ०३ बीए ०२’. हीं नांवें ऐकून श्रोत्यांना कंटाळा येणें साहजिक आहे. पण यांतील दोघांचें कूळ आपल्या उकिरड्यावरचें आहे, हें सांगितलें तर कदाचित् कान टवकारतील. धोत्र्याची वाळलेली मुळी किंवा पानें जाळून त्यांचा धूर दम्यावर ओढण्याची चाल हिंदुस्थानांत जुनी आहे. १८०२ च्या सुमारास मद्रासेस राहिलेल्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें ती विलायतेंत नेली, आणि पुढें शंभर-सव्वाशें वर्षें युरोपांत धोत्र्याच्या सिगारेटी दम्यावरील औषध म्हणून दुकानांत विकल्या जात होत्या. धोत्र्यांत अॅट्रोपिन असतें. त्यानें श्वासनळ्या सैल होतात हें खरें, परंतु तें रक्तांत भिनून डोकेंही फिरवतें. धोत्र्याच्या विषाच्या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत. रसायनशास्त्रज्ञांनीं अॅट्रोपिनच्या रेणूंत असा फेरफार केला कीं तो छातींत राहून काम करील पण रक्तांत फारसा शिरणार नाहीं. तेंच इप्राट्रोपियम, आणि त्याचा अधिक टिकाऊ धाकटा भाऊ टायोट्रोपियम. हा २००२ सालीं युरोपांत बाजारांत आला. महादेवाला वाहिलें जाणारें फूल असें ‘बीबी ०४’ झालें.

औषध ओढण्याचा जो पंप आज खिशांत मावतो, तो १९५६ सालचा. अमेरिकेंतील रायकर नांवाच्या औषधकंपनीचा प्रमुख जॉर्ज मेसन याच्या मुलीला दमा होता. अत्तराच्या फवाऱ्यासारखा औषधाचा फवारा कां करीत नाहीं, असें तिनें बापाला विचारलें, आणि त्यांतून ठराविक मात्रा सोडणारा पंप निघाला, असें सांगतात. १९६९ सालीं सालब्युटामॉल आलें आणि पंप जगभर पसरला. एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम औषध सुटतें. हेंच औषध गोळीनें घ्यावयाचें तर गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीसपट! गोळी पोटांतून रक्तांत आणि रक्तांतून सर्व अंगभर फिरून शेवटीं छातींत पोंचते. वाटेंत हात कांपतात, छाती धडधडते. असें असून गांवोगांव समजूत मात्र उलटी आहे. गोळी सौम्य, पंप जालीम. पंपाची संवय लागते. पंप हा शेवटचा उपाय. सुशिक्षित शहरी घरांतही पाहुण्यांसमोर पंप काढणें कमीपणाचें वाटतें, विशेषतः घरांत लग्नाची मुलगी असेल तर. या समजुतीनें जितके लोक धापा टाकीत बसले आहेत तितके दारिद्र्यानें बसले असतील कीं काय, अशी शंका येते.

असो. आंकड्यांवर बिल कसें चालतें हें पाहावयाचें तर अमेरिकेकडे पाहिलें पाहिजे, कारण त्या देशांत या विद्येचा कळस झाला आहे. तेथें पासष्टीपुढील वृद्धांसाठीं सरकारी विमा आहे. त्याचे भाग आहेत, आणि श्वासाचें औषध कोणत्या भागांत पडतें हें औषधावर अवलंबून नसून तें ओढण्याच्या साधनावर अवलंबून आहे. विजेच्या यंत्रानें औषधाची वाफ करून घ्यावयाची, ज्याला आपल्याकडे ‘मशीन लावणें’ म्हणतात, तर तें यंत्र हें घरगुती टिकाऊ वैद्यकीय सामान ठरतें आणि त्याच्या पोटांत घालावयाचें औषध त्या सामानाबरोबर एका भागांत जातें. तेंच औषध खिशांतल्या पंपांतून घेतलें कीं तें दुसऱ्या भागांत, जो मुळीं २००६ सालीं सुरू झाला. औषध एक, छाती एक, पण खातीं दोन. यंत्राचा आंकडा ‘ई ०५७०’. सालब्युटामॉलला अमेरिकेंत आल्ब्युटेरॉल म्हणतात. यंत्रासाठीं मात्रेच्या कुपींत येणाऱ्या या औषधाचा आंकडा ‘जे ७६१३’, इप्राट्रोपियमसह असलें तर ‘जे ७६२०’, ब्युडेसोनाइडचा ‘जे ७६२६’.

यांतील मौज एककांत आहे. ‘जे ७६१३’ चें एकक १ मिलिग्रॅम, आणि कुपी तर अडीच मिलिग्रॅमची. म्हणजे ६० कुप्या दिल्या तर बिलावर ६० लिहावयाचे नाहींत, १५० लिहावयाचे. ‘जे ७६२०’ मध्यें मात्र एक कुपी म्हणजे एक एकक. रेव्हेफेनासिन नांवाच्या नव्या औषधाचें एकक एक मायक्रोग्रॅम आहे आणि रोजची कुपी १७५ मायक्रोग्रॅमची, तेव्हां एका दिवसाच्या एका कुपीचीं १७५ एककें होतात. येथें एक शून्य चुकला, कुप्या आणि एककें यांची गल्लत झाली, किंवा रोगाचा आंकडा आणि औषधाचा आंकडा यांची जोडी जमली नाहीं, कीं बिल परत. म्हातारा माणूस मग औषधासाठीं फोनवर बसतो. रुग्णालयांत एकदां वाफ दिली त्याला ‘९४६४०’ असा वेगळा आंकडा आहे. आणि रोग्याला पंप कसा ओढावा हें करून दाखविलें, तर त्यालाही आंकडा आहे, ‘९४६६४’. शिकविण्याच्या श्रमाला मोल आहे हें त्या आंकड्यानें मान्य केलें आहे, आणि या सर्व अवाढव्य पसाऱ्यांत मनापासून हेवा वाटावा अशी गोष्ट ती एवढीच.

हीं बिलें तयार करण्याचें काम आतां पुष्कळसें हिंदुस्थानांत होतें. पुणें, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई येथें शेंकडों तरुण-तरुणी डॉक्टरांचीं टिपणें वाचून त्यांना आंकडे जोडतात. त्यांत जीवशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकलेलीं मराठवाड्याचींही मुलें आहेत. ओहायोंतल्या कोणा वृद्धेच्या धापेला ‘जे ४४.१’ लावावा कीं ‘जे ४४.९’, याचा निर्णय बीड जिल्ह्यांतून पुण्यास गेलेली एखादी मुलगी अचूक करीत असेल, आणि तिच्या स्वतःच्या आजीच्या केसपेपरवर मात्र ‘खोकला, धाप’ एवढेंच लिहिलेलें असेल. असें असणें मुळींच अशक्य नाहीं.

महाराष्ट्रांतही आंकड्यांचा कारभार सुरू होऊन आतां बरींच वर्षें झालीं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ च्या जुलैंत आठ जिल्ह्यांत सुरू झाली. बीड त्यांत नव्हतें. २०१३ च्या नोव्हेंबरांत ती सर्व राज्यांत पोंचली आणि २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. बीड हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं पोळलेल्या चौदा जिल्ह्यांपैकीं एक असल्यामुळें, पिवळ्या-केशरी शिधापत्रिका नसलेल्या शेतकऱ्यालाही सात-बाराच्या उताऱ्यावर तेथें लाभ मिळूं लागला. २०१८ च्या सप्टेंबरांत केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, २०२० सालीं दोन्ही एकत्र झाल्या, आणि १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहतां सर्वच कुटुंबांना वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचें धोरण अमलांत आलें. ऊसतोडीला परजिल्ह्यांत गेलेल्या कुटुंबालाही योजनेंतील तेथल्या रुग्णालयांत उपचार घेतां येतो, ही सोय बीडकरांच्या दृष्टीनें लहान नाहीं. रुग्णालयाच्या दाराशीं ‘आरोग्यमित्र’ बसतो. तो कागद पाहतो, संगणकांत उपचाराचा सांकेतिक आंकडा भरतो, वरून मंजुरी येते, आणि घरीं पाठवल्यावर रुग्णालयाला ठरलेला दर मिळतो.

या उपचारांच्या यादींत आपला रोग आहे. परंतु तो कोणत्या रूपानें आहे हें नीट पाहावें. धाप एकाएकीं वाढून रोगी भरती झाला, त्याला प्राणवायु लावावा लागला, तर तो यादींत बसतो. राष्ट्रीय योजनेच्या पहिल्या, म्हणजे २०१८ च्या, दरपत्रकांत अशा वैद्यकीय उपचाराला सामान्य कक्षांत दिवसाला १,८०० रुपये आणि अतिदक्षता विभागांत श्वसनयंत्रासह दिवसाला ४,५०० रुपये दर होता. पुढें हे दर वाढले. पण भरती होण्याची पाळी येऊं नये म्हणून जो पंप रोज सकाळ-संध्याकाळ ओढावयाचा, त्याला या यादींत जागा नाहीं. योजना मुळांत रुग्णालयांत राहून घ्यावयाच्या उपचारासाठीं आहे. लिंबागणेशहून बीडला आलेली एखादी साठीची बाई आणि आरोग्यमित्र यांच्यामध्यें जें बोलणें होईल तें कल्पनेनें ऐकावें.

“मावशी, भरती झाल्याबिगर योजनेंत बसत नाहीं.”

“आरं बाबा, भरती व्हायची पाळी येऊं नये म्हणूनच तर औषिद पायजे ना!”

या प्रश्नाला त्या तरुणाकडे उत्तर नसतें, आणि तो दोष त्याचा नाहीं. संगणकांत तसा आंकडाच नाहीं. हिशेबाच्या दृष्टीनेंही ही गोष्ट चमत्कारिक आहे. महिनाभराच्या पंपाला किंवा कॅप्सुलांना बाजारांत कांहीं शें रुपये पडतात. एका उसळीला पांच-सहा दिवसांचा मुक्काम धरला, तर सरकार एका खेपेंत वर्षभराच्या औषधाहून अधिक रक्कम भरतें. शिवाय प्रत्येक उसळीगणिक फुप्फुस आणखी खालावतें, म्हणजे पुढची उसळ अधिक लवकर येते. धरणाची भिंत वेळेवर न लिंपतां पूर आल्यावर नावा पाठविण्यासारखा हा व्यवहार आहे. पैसा वाचविण्यासाठीं ही रचना केली असें कोणी म्हणेल, पण पैसाही वाचत नाहीं.

मग रोजच्या औषधासाठीं कांहींच वाट नाहीं काय? आहे, पण ती दुसऱ्या दारानें जाते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादींत सालब्युटामॉल, इप्राट्रोपियम, टायोट्रोपियम, ब्युडेसोनाइड आणि ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ही जोडी, हीं सर्व ओढावयाचीं औषधें आहेत. यादींत असलेल्या औषधांची कमाल किंमत २०१३ च्या औषधकिंमत आदेशानुसार ठरविली जाते. तीही कायम राहतेच असें नाहीं. २०२४ च्या ऑक्टोबरांत सालब्युटामॉलच्या गोळ्या आणि यंत्रांत घालावयाचें द्रावण यांच्या कमाल किमतींत, कारखानदारांना परवडत नाहीं या कारणावरून, निम्म्यानें वाढ मंजूर झाली. स्वस्त औषध बाजारांतून नाहींसें होण्यापेक्षां थोडें महाग होऊन मिळणें बरें, हा युक्तिवाद अगदींच खोटा नाहीं. महाराष्ट्र सरकारच्या आरोग्यखात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरासह सर्व तपासणी व उपचार निःशुल्क झाले. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत मधुमेह, रक्तदाब यांच्या शेजारीं या श्वसनरोगालाही जागा मिळाली. म्हणजे कायद्यानें पाहिलें तर गांवच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून पंप फुकट मिळण्यास आडकाठी नाहीं. मात्र फुकट मिळण्यासाठीं तो कपाटांत असावा लागतो.

आणि कपाटांत काय असावें हें नोंदवहीवरून ठरतें. औषधांची मागणी मागच्या वर्षाच्या खपावरून होते, खप चिठ्ठीवरून, आणि चिठ्ठी निदानावरून. मधुमेह ओळखण्यास बोटाला टोचून रक्ताचा थेंब पुरतो, रक्तदाबाला दंडाची पट्टी. या रोगाचें निदान नळींत जोरानें फुंकून, पहिल्या सेकंदांत किती हवा बाहेर पडली आणि एकंदर किती पडली याचें प्रमाण काढून होतें. औषध दिल्यावरही तें ०.७ च्या खालीं असेल तर रोग निश्चित मानतात. हें फुंकण्याचें यंत्र आणि तें नीट फुंकवून घेणारा माणूस खेडोपाडीं सहसा नसतो. निदान न झाल्यामुळें नोंद ‘खोकला’, नोंद ‘खोकला’ म्हणून औषध खोकल्याची बाटली, आणि पंपाला मागणीच नाहीं असा अहवाल. मेल्यावरही तोच प्रकार. मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यावर ‘हृदय व श्वासक्रिया बंद पडून’ असें लिहिण्याची वाईट खोड पुष्कळांना आहे. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचेच बंद पडतात! लंडनच्या जुन्या यादींतलें ‘फुप्फुसें वर चढणें’ हें याहून अधिक प्रामाणिक म्हणावें लागेल. निदान त्यांत कोणता अवयव बिघडला तें तरी कळतें. अशा रीतीनें ती बाई जिवंतपणीं ‘जे ४४’ मध्यें मोजली गेली नाहीं, आणि मेल्यावरही नाहीं. हा रोग भारतांतील मरणाच्या प्रमुख कारणांत अगदीं वरच्या क्रमांकावर येतो असें जागतिक अभ्यास सांगतात. तो अंदाज इतका मोठा असूनही वहींतील नोंदी इतक्या थोड्या कां, याचें उत्तर येथें आहे.

पंप हातीं आला तरी अर्धेंच काम होतें. तो हलवावा, श्वास पूर्ण बाहेर सोडावा, ओठ घट्ट मिटून सावकाश श्वास आंत घेण्यास आरंभ करावा आणि त्याच क्षणीं दाबावें, मग दहा आंकडे मोजेपर्यंत श्वास रोखावा. बहुतेक लोक आधीं दाबतात व मग ओढतात, आणि औषध जिभेवर बसतें. म्हाताऱ्या माणसांना हा मेळ जमत नाहीं, त्यांनीं पंपाला पोकळ नळकांडें जोडावें. त्यांत औषध क्षणभर तरंगतें आणि सावकाश ओढतां येतें. दुकानांतलें नळकांडें परवडत नसेल तर त्यालाही उपाय आहे. दक्षिण आफ्रिकेंतील केप टाऊनच्या डॉक्टरांनीं १९९९ सालीं असें दाखवून दिलें कीं, अर्धा लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाएवढें भोंक पाडून, तें घट्ट बसवून, बाटलीच्या तोंडानें ओढलें, तर दमेकरी मुलांना विकतच्या साधनाइतकाच गुण येतो. स्टेरॉइड असलेलें औषध ओढल्यावर चूळ भरावी, नाहीं तर तोंडांत पांढरी बुरशी धरते. हें सर्व सांगण्यास दहा मिनिटें लागतात. ‘९४६६४’ सारखा आंकडा इकडे नाहीं, त्यामुळें तीं दहा मिनिटें एखादी परिचारिका किंवा आशाताई स्वतःच्या पदरचीं देते, तेव्हांच तीं रोग्याला मिळतात. वीस रोग्यांची रांग बाहेर उभी असतां तीं रोज देतां येत नाहींत, याबद्दल तिला बोल लावण्यांत अर्थ नाहीं.

नव्या पंपांपैकीं कांहींच्या पाठीला एक इवलीशी खिडकी असते आणि तींत आंकडा दिसतो. आरंभीं २०० किंवा १२०. प्रत्येक दाबाला एक कमी. इंग्रजी न येणाऱ्या, अक्षरही न वाचणाऱ्या बाईला हा आंकडा नातवाकडून वाचून घेतां येतो. दिवसाला चार दाब लागत असतील आणि खिडकींत ४० दिसत असतील तर औषध दहा दिवसांचें राहिलें. मुकादमाची गाडी दसऱ्यानंतर गांवांत येते, आणि फडावरचा मुक्काम पांच-सहा महिन्यांचा असतो. भांडीं, अंथरूण, शेळी आणि कोयते गाडींत चढविण्यापूर्वीं ती खिडकी एकदां पाहून घ्यावी, दवाखान्यांतून महिन्या-दोन महिन्यांचें औषध मागून घ्यावें, आणि शिधापत्रिका व केसपेपर प्लास्टिकच्या पिशवींत घालून पीठाच्या डब्यांत ठेवावे, म्हणजे फडावरच्या दंवानें ते भिजत नाहींत.